नारायण मेघाजी लोखंडे आणि मजुरीची मुदत

हुंडीची मुदत भरली आणि पैसे मिळाले नाहींत, तर बाजारांत पेढीची पत जाते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. दोन पिढ्यांनीं मिळविलेलें नांव एका परत आलेल्या हुंडीनें बुडाल्याचीं उदाहरणें प्रत्येक बाजारपेठेंत आहेत. परंतु त्याच पेढीच्या वखारींत महिनाभर राबलेला हमाल, त्याच दुकानांत दिवे लागल्यावरहि तीन तास उभा राहिलेला नोकर, आपल्या मजुरीसाठीं पंधरा दिवस ताटकळत राहिला, तर पेढीची पत गेली असें कोणी म्हणत नाहीं. असें कां असावें? मजुरी हेंहि देणेंच आहे. इतकेंच नव्हे, तर माल आधीं हातीं पडला असून किंमत मागाहून द्यावयाची आहे, असें तें देणें आहे. मजूर आपले श्रम प्रथम देतो व दाम नंतर घेतो. म्हणजे महिन्याच्या एक तारखेपासून तो धन्याचा सावकार असतो. बिनव्याजी, बिनतारण आणि बहुधा बिनलेखी कर्ज देणारा हा सावकार आपल्या ऋणकोपेक्षां शतपट गरीब असतो, हेंच या व्यवहाराचें नवल होय.

मजुरीस मुदत असली पाहिजे आणि कामाच्या दिवसास सीमा असली पाहिजे, या दोन गोष्टी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या वतीनें ज्या गृहस्थानें प्रथम सरकारापुढें लेखी मांडिल्या, त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. नांव पुष्कळांनीं ऐकिलें आहे. परळ येथील सरकारी श्रमविज्ञान संस्थेस तें दिलेलें आहे व २००५ सालीं टपाल खात्यानें त्यांचें तिकीटहि काढिलें. पण रविवारची सुटी मिळवून देणारा माणूस, यापलीकडे त्यांची ओळख सामान्यतः जात नाहीं. सुटी ही त्यांच्या पांच मागण्यांपैकीं एक होती. उरलेल्या चार मागण्यांचा इतिहास अधिक बोधप्रद आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसरचें, फुलमाळी जातीचें, आणि परिस्थिति बेताची. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर पुढें शिकण्याची सोय नसल्यानें त्यांनीं नोकरी धरिली. प्रथम रेल्वेच्या कचेरींत, नंतर टपाल खात्यांत त्यांनीं काम केलें व शेवटीं मांडवीच्या एका कापडगिरणींत ते कोठारावरील अंमलदार झाले. या शेवटच्या नोकरीनें त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. ते सांच्यावर उभे राहणारे मजूर नव्हते व मालकहि नव्हते. गिरणीच्या आंत बसून दोन्ही बाजू पाहतां येतील अशा जागीं ते होते. त्यांत भर पडली जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाची. १८७३ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या या समाजानें बहुजनांच्या मनांत जो स्वाभिमान जागा केला, तो लोखंडे यांनीं गिरणीच्या फाटकापर्यंत नेला.

त्या काळची गिरणी म्हणजे काय, हें आजच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापसाच्या गिरणीची कंपनी काढिली व १८५६ सालीं ती गिरणी चालू झाली. पुढील पंचवीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या. कोंकणांतून आणि घांटावरून लोक येत, चाळीच्या एका खोलींत दाटीनें राहत आणि पहाटेच्या भोंग्याबरोबर कामावर जात. विजेचे दिवे नसल्यामुळें काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. ऋतुमानाप्रमाणें दिवस लांबे, तसे कामाचे तासहि लांबत. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. सणावाराखेरीज सांचे थांबत ते बहुधा साफसफाईसाठीं, आणि ती सफाईहि पुष्कळदां मजुरांनींच करावयाची असे. पगार महिन्याचा ठरे, पण दुसरा महिना बराच सरल्याखेरीज तो हातीं पडत नसे. त्यांतून दंड कापले जात. न सांगतां काम सोडल्यास अडकलेला पगार बुडे. मध्यें मुकादम असे. नोकरी त्याच्या हातीं, म्हणून त्याचा हात ओला करावा लागे. पगार येईपर्यंत वाण्याचें उधार आणि सावकाराचें व्याज चालूच राही. अशा रीतीनें गिरणीच्या नफ्यांत मजुराच्या अडकून पडलेल्या पैशाचाहि वांटा होता. मात्र त्याचा हिशेब कोणत्याहि ताळेबंदांत दिसत नसे.

कायदा होता काय? १८८१ सालीं पहिला कारखान्यांचा कायदा झाला. शंभर अगर अधिक माणसें कामावर असलेल्या कारखान्यांस तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये व सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षां अधिक काम घेऊं नये, एवढीच त्याची मुख्य मजल. मोठ्या माणसांच्या तासांविषयीं व स्त्रियांविषयीं त्यांत अक्षर नव्हतें आणि मजुरीविषयींहि नव्हतें. या कायद्यासाठीं सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सद्गृहस्थांनीं फार खटपट केली होती, हें येथें कृतज्ञतापूर्वक नमूद केलें पाहिजे.

१८८० सालीं लोखंडे यांनीं ‘दीनबंधु’ पत्र आपल्याकडे घेतलें. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास सुरू केलेलें हें पत्र पैशाअभावीं बंद पडण्याच्या बेतांत होतें. लोखंडे यांनीं तें मुंबईस आणिलें व अखेरपर्यंत चालविलें. वर्तमानपत्र चालविण्याचा धंदा काय असतो, हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. ज्यांच्यासाठीं तें लिहावयाचें, त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नाहीं, आणि ज्यांस वाचतां येतें त्यांस तें रुचत नाहीं, अशा स्थितींत सतरा वर्षें पत्र चालविणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. गिरणींतील हालहवाल छापणारें असें मराठी पत्र त्यापूर्वीं नव्हतें.

१८८४ सालीं मुंबई सरकारनें कारखान्यांच्या कायद्याची चौकशी करण्याकरितां एक कमिशन नेमिलें. ही संधि साधून लोखंडे यांनीं त्याच वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत परळ भागांत मजुरांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज कमिशनकडे धाडिला. त्यांतील मागण्या पांच होत्या. पहिली, दर रविवारीं पुरी सुटी. दुसरी, दुपारीं अर्धा तास विसांवा. तिसरी, काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. चवथी, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. पांचवी, कामावर अपघात होऊन मजूर जायबंदी झाला, तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा निकामी झाल्यास त्याच्या पोटाची तरतूद व्हावी.

कायद्याच्या दृष्टीनें या मागण्यांचा विचार केला, म्हणजे मांडणाऱ्याच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. पगार वाढवा, असें त्यांत कोठेंहि नाहीं. ठरलेला पगार ठरलेल्या दिवशीं द्या, एवढेंच त्यांचें म्हणणें. ही दयेची याचना नव्हे, कराराच्या पूर्ततेची मागणी आहे, आणि कोणत्याहि दिवाणी कोर्टांत ती न्याय्य ठरावी. तिसरी मागणी तर याहून मार्मिक आहे. कामाचा दिवस कोठें सुरू होतो व कोठें संपतो, हें ठरल्याखेरीज जादा काम म्हणजे काय हेंच ठरत नाहीं. ज्या शेतास बांध नाहीं, त्या शेतांत अतिक्रमण झालें असें म्हणतां येत नाहीं. लोखंडे यांनीं जादा कामाचा मोबदला मागितला नाहीं; पण ज्या बांधावांचून तो मोबदला मागतांच आला नसता, तो बांध त्यांनीं आंखून दाखविला.

येथें आम्हांस एक अप्रिय गोष्ट स्वतःच्याच घराविषयीं सांगावयाची आहे. त्या काळच्या राष्ट्रीय म्हणविणाऱ्या पुष्कळशा पत्रांनीं, पुण्याचीं पत्रेंहि त्यांत आलीं, कारखान्यांच्या कायद्यास विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, हा सर्व खटाटोप मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा आहे. आपल्या देशांतील नवा धंदा बुडावा, म्हणून त्यांस आमच्या मजुरांचा पुळका आला आहे. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. लँकेशायरचा स्वार्थ उघड होता, आणि ज्या सरकारनें त्या स्वार्थापायीं विलायती कापडावरील आयातजकात काढून टाकिली, त्याच्या भूतदयेवर कोणी विश्वास ठेवावा? परंतु शेजाऱ्यानें आपल्या मतलबासाठीं कां होईना, आमच्या घरांत आग लागल्याची हांक मारिली, तर हांक मारणाराचा हेतु तपासीत बसावें कीं आग विझवावी? लोखंडे यांनीं आग विझविण्याचें काम पत्करिलें. स्वदेशी धंद्याची वाढ त्यांसहि हवीच होती; तो धंदा स्वदेशी मजुराच्या हाडांवर उभा राहूं नये, इतकेंच त्यांचें म्हणणें होतें. आम्ही राष्ट्रीय पक्षाचे अभिमानी आहों आणि म्हणूनच स्पष्ट सांगतों, या वादांत ‘दीनबंधु’ बरोबर होता आणि आमचे वडील चुकले. पुढें १९०८ सालीं लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद ठेवणारे हेच मजूर होते. ज्यांच्या घामाचा हिशेब राष्ट्रीय पत्रांनीं मांडिला नव्हता, त्यांनीं राष्ट्राचा हिशेब चुकविला नाहीं.

१८८४ च्या अर्जानें तात्काळ फळ दिलें नाहीं. लोखंडे यांनीं सभा व अर्ज यांचा क्रम सोडिला नाहीं. १८९० सालच्या २४ एप्रिल रोजीं महालक्ष्मी येथील शर्यतीच्या मैदानाजवळ सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली. तींत दोन स्त्रियांनीं भाषणें केलीं. मुंबईच्या सुशिक्षित सभांतहि जेथें स्त्रीचा आवाज क्वचित् ऐकूं येई, तेथें गिरणींतील बायांनीं भर मैदानांत आपलें गाऱ्हाणें मांडावें, ही गोष्ट सुधारकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्यास एक दिवस, रविवार, सुटी देण्याचें मान्य केलें. कायदा होण्यापूर्वींच मालकांनीं हें मान्य केलें, हा संघटित मागणीचा विजय होता. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें नेमिलेल्या कमिशनच्या कामांत लोखंडे यांनीं मुंबईच्या मजुरांतर्फे भाग घेतला, आणि १८९१ चा सुधारलेला कायदा झाला. त्यानें मुलांच्या वयाची मर्यादा नऊवर नेली व त्यांचे तास सातांवर आणिले, स्त्रियांस अकरा तासांची सीमा घातली, आणि साप्ताहिक सुटी व दुपारचा अर्धा तास विसांवा सर्वांस दिला. म्हणजे पांचांपैकीं दोन मागण्या पदरांत पडल्या. मोठ्या पुरुषांच्या कामाच्या दिवसास बांध घातला गेला नाहीं, व पगाराची मुदत आणि अपघाताची भरपाई या मागण्या तशाच राहिल्या.

लोखंडे यांची दृष्टि गिरणीपुरती नव्हती. विधवांचें केशवपन करणार नाहीं, असा निश्चय मुंबईच्या नाभिक बंधूंनीं त्यांच्याच प्रेरणेनें केला. ज्या रूढीविरुद्ध विद्वानांनीं ग्रंथ लिहिले, तिच्या हातांतील वस्तराच खालीं ठेवविण्याची ही युक्ति, श्रमाचें सामर्थ्य कशांत आहे हें ओळखणाऱ्यासच सुचली असती. १८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हां ते दोन्ही समाजांत सलोखा करण्यासाठीं झटले. सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगानें कहर मांडिला. ज्यांस शहर सोडून जातां येत होतें ते गेले. लोखंडे रोग्यांच्या शुश्रूषेच्या व्यवस्थेंत राहिले, आणि त्याच रोगानें ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. वयास पन्नास वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

त्यांच्या कार्यांतील उणीवा झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांच्या गिरणीकामगारांच्या सभेस नियमित वर्गणी नव्हती, सभासदांचें बाड नव्हतें, निधि नव्हता. आजच्या अर्थानें तीस युनियन म्हणतां येणार नाहीं. संपाचा मार्ग त्यांनीं धरिला नाहीं. अर्ज, सभा व साक्षी हींच त्यांचीं साधनें. सरकारावर त्यांनीं जितका भरंवसा ठेविला तितका आम्ही ठेविला नसता. त्यांच्यामागें सभा टिकली नाहीं, याचेंहि कारण हेंच. परंतु ज्या काळीं संघ स्थापण्याचा कायदेशीर हक्कच नव्हता, तो १९२६ च्या कायद्यानें मिळाला, त्या काळच्या माणसास या मापानें मोजणें न्यायाचें नाहीं.

न्यायाचें माप वेगळें आहे. ज्या गोष्टी त्यांनीं १८८४ सालीं मागितल्या, त्या कायद्यांत केव्हां आल्या, हें पाहावें. अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ सालीं, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनीं. पगार कोणत्या तारखेच्या आंत द्यावा हें सांगणारा कायदा झाला १९३६ सालीं, म्हणजे बावन्न वर्षांनीं. त्यानें हजारांहून कमी मजूर असलेल्या कारखान्यांस सातवा व इतरांस दहावा दिवस ठरवून दिला, आणि दंडाची मर्यादा रुपयामागें अर्ध्या आण्यावर आणिली. लोखंडे यांनीं पंधरावी तारीख मागितली होती. अर्ध्या शतकानंतर कायद्यास वाटलें कीं, तीसुद्धां फार उशिराची होती! कामाच्या दिवसाची कथा याहून लांब आहे. गिरण्यांत विजेचे दिवे आले, तसा सूर्यास्ताचा नैसर्गिक बांधहि वाहून गेला व तास तेरा-चौदापर्यंत वाढले. १९११ सालीं कापडगिरण्यांतील पुरुषांस बारा तासांची सीमा प्रथम पडली. १९२२ सालीं अकरा तासांचा दिवस व साठ तासांचा आठवडा ठरला, आणि साठ तासांवरील कामास सव्वापट मजुरी द्यावी, असें लिहिलें गेलें. १९३४ सालीं बारमाही कारखान्यांचा आठवडा चोपन्न तासांवर व १९४६ सालीं अठ्ठेचाळीस तासांवर आला. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास कायम करून त्यावरील कामास नेहमींच्या दुप्पट दर बांधिला. २०१९ च्या वेतनसंहितेंतहि जादा कामाचा दर दुपटीहून कमी नसावा, हेंच तत्त्व ठेविलें आहे.

दुप्पट कां, असा प्रश्न पुष्कळ व्यापारी आम्हांस विचारतात. एक तास काम केलें तर एका तासाचे पैसे घ्यावे. नवव्या तासापेक्षां दहाव्या तासांत मजूर अधिक काम करितो काय? उत्तर असें कीं, दहावा तास मजुराच्या शक्तींतून येत नाहीं, त्याच्या मुदलांतून येतो. नऊ तासांची झीज रात्रीच्या झोंपेनें भरून निघते; त्यापुढील झीज भरून निघत नाहीं. व्याज खाणें आणि मुद्दल खाणें यांतील भेद व्यापाऱ्यांस तरी कळावा. शिवाय दुप्पट दर हें बक्षीस नव्हे. तो आवरघालणारा लगाम आहे. जादा काम स्वस्त असेल तर मालक दोन माणसांचें काम एकाकडून घेईल आणि दुसरा बेकार राहील. तें महाग असेल, तरच खरी निकड असतां तो घेईल व एरव्हीं नवा माणूस लावील.

हा हक्क एकदां मिळाला म्हणजे कायमचा राहतो, असेंहि नाहीं. २०२० सालीं रोगाच्या सांथीमुळें देश बंद पडला असतां, गुजराथ सरकारनें कारखान्यांत बारा तासांच्या दिवसास परवानगी देऊन जादा कामाचा दुप्पट दर एका जाहीरनाम्यानें बाजूस सारिला. १ ऑक्टोबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो जाहीरनामा रद्द ठरविला आणि मजुरांस जादा कामाचा कायदेशीर मोबदला देण्याचा हुकूम केला. त्यापूर्वीं १९८२ सालीं, दिल्लींतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत, त्याच न्यायालयानें किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणें म्हणजे घटनेनें मना केलेली वेठबिगार होय, असा निर्णय दिला होता. लोखंडे यांच्या अर्जांतील तत्त्वास राज्यघटनेची मोहोर मिळाली ती येथें.

आतां आमच्या वाचकांस दोन शब्द. हे कायदे गिरण्यांचे आहेत, आमचा काय संबंध, असें दुकानदारांनीं समजूं नये. मुंबई इलाख्यांत दुकानांतील नोकरांच्या तासांचा कायदा १९३९ सालींच झाला होता, आणि त्याचीं पुढचीं रूपें महाराष्ट्रांत आलींच आहेत. वकिलीच्या धंद्यांत आम्ही वारंवार पाहतों, मजुराचा दावा हक्काअभावीं बुडत नाहीं, लेखाअभावीं बुडतो. तास कोणी लिहिले नाहींत, पगाराची चिठ्ठी कोणी दिली नाहीं, अंगठा मात्र कोऱ्या कागदावर घेतला. जो व्यापारी आपल्या रोजकीर्दींत पै पैची नोंद करितो, त्यास नोकराच्या तासांची नोंद करणें जड कां जावें? हजेरीच्या वहींत येण्याची व जाण्याची वेळ लिहावी, जादा तास वेगळे दाखवावे, पगार ठरल्या तारखेस द्यावा व त्याची चिठ्ठी हातांत द्यावी. यास कमिशन लागत नाहीं, सभा लागत नाहीं, साडेपांच हजार सह्याहि लागत नाहींत.

लोखंडे यांची पुण्यतिथि दर वर्षीं येते, हार पडतात, भाषणें होतात. त्या दिवशीं प्रत्येक पेढीवाल्यानें आपल्या वखारींतील शेवटच्या हमालाचें खातें एकदां उघडून पाहावें. त्याच्या बाजूस मुदत टळलेली कांहीं बाकी निघते काय? निघत असेल तर ती त्याच दिवशीं फेडावी. हार मागाहून घातला तरी चालेल.